लोह घालूनही नवी पानं पुन्हा पिवळी पडतात? अ‍ॅक्वापोनिक्समधल्या हट्टी सामूचा शोध

दर तीन आठवड्यांनी चिलेटेड (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं) लोह घालायचं, पाच-सहा दिवसांत शेंडे हिरवे होताना बघायचे, आणि पंधरवडा सरायच्या आत पुन्हा तोच फिकट पिवळा रंग. माझ्या घरच्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये हे सात महिने चाललं. (अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यांतून फिरवून त्यावरच भाजी वाढवायची पद्धत.) मासे ठणठणीत होते, पाणी स्वच्छ होतं, टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट भरपूर. रोज मोजायचं ते सगळं बरोबर येत होतं आणि तरी लेट्यूसची आतली पानं पिवळीच निघत होती.

लोह घातलं की झाड सुधारतं पण सुधारणा टिकत नाही, अशी तुमचीही तक्रार असेल तर डोस वाढवून ती सुटणार नाही. असं पाणी लोहाला विरघळलेलं राहूच देत नसतं. ते तसं का वागतं याचं कारण बहुतेक वेळा वाफ्यातल्या खडीत किंवा रोज भर घालतो त्या पाण्यात सापडतं. मला ते सापडायला सात महिने लागले. तुमचा वेळ वाचावा म्हणून ज्या क्रमाने तपासायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे.

आधी पान नीट बघा

‘पानं पिवळी पडतायत’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पिवळेपणा झाडाच्या कोणत्या टोकाला सुरू झाला ते बघायचं. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम झाडात फिरू शकतात. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर जुनं पान सगळंच फिकटतं, मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या शिरांमधला भाग पिवळा होतो, आणि पालाश कमी असेल तर जुन्या पानाच्या कडा करपतात. लोहाचं तसं नाही. ते ज्या पानात बसलं तिथेच राहतं. त्यामुळे लोह कमी पडलं की खालची पानं हिरवीगार आणि शेंड्याचं कोवळं पान पिवळं, त्यात शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. दुर्लक्ष झालं तर पुढची पानं पांढरट निघतात. चुनखडीच्या जमिनीत पीक असं पिवळं पडलं की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. तिथे जे घडतं तेच आपल्या टाकीत घडतं, हे पुढे येईलच.

खात्री करायची असेल तर अर्ध्या पानाची चाचणी करा. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवा, कापसाच्या बोळ्याने एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला ते लावा आणि पानाला दोरा बांधून खूण करा. उन्हं उतरल्यावर लावा आणि थेंब टाकीत पडू देऊ नका. चार-पाच दिवसांत लावलेला भाग हिरवट झाला आणि उरलेला अर्धा पिवळाच राहिला, तर लोहाचीच कमतरता आहे. मी ही चाचणी पाचव्या महिन्यात केली. पहिल्या आठवड्यात करायला हवी होती.

मुळंही उचलून बघा. पांढरी किंवा फिकट बदामी असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी असतील तर पाण्यात लोह असूनही ती घेऊ शकत नाहीत. मग आधी गाळ काढा आणि हवा वाढवा, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असू द्या. पाणी फार गार असेल तरी मुळं लोह कमी उचलतात. या दोन्ही गोष्टी नसतील तरच पुढे चला.

लोह जातं कुठे

माशांच्या खाद्यात लोह असतं, पण ते माशांच्या गरजेपुरतं. झाडांना लागतं त्या मानाने ते कमी पडतं, त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या अ‍ॅक्वापोनिक्समध्येही लोह बाहेरून द्यावंच लागतं. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी जी पद्धत बसवली, तिच्यातही दर तीन आठवड्यांनी लिटरला २ मिलिग्रॅम या हिशोबाने चिलेटेड लोह घालत असत. तेव्हा लोह घालावं लागणं हा बिघाड नाही. घातलेलं लोह तीन आठवडे न टिकणं हा बिघाड आहे.

हवा खेळत्या पाण्यात लोह पटकन गंजाच्या रूपात जातं आणि तळाशी बसतं. ते रूप पाण्यात किती विरघळेल हे सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरतं. सामू एका अंकाने वाढला की विद्राव्यता जवळपास हजारपटीने घटते. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारा चिमटा, आणि प्रत्येक चिमट्याची पकड वेगवेगळ्या सामूला सुटते. ईडीटीएची पकड साधारण ६.५ च्या वर ढिली पडते आणि लोहाच्या जागी तो कॅल्शियम धरतो. डीटीपीए ७ ते ७.५ पर्यंत तग धरतो. ईडीडीएचए ९ पर्यंतही टिकतो.

माझ्या डब्यावर बारीक अक्षरात ईडीटीए लिहिलेलं होतं आणि टाकीचा सामू ७.९ होता. मी दर तीन आठवड्यांनी जे ओतत होते, त्यातलं बरंचसं काही दिवसांतच गंज होऊन वाफ्याच्या तळाशी जात होतं. डबा बदलणं हा तात्पुरता इलाज झाला, आणि तो खाली दिला आहेच. पण मला डाचत होता तो सामू.

सामू वरच का अडकला आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण उत्तर इथेच आहे.

जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. अमोनियातल्या एक ग्रॅम नत्रामागे पाण्यातली सुमारे ७.१४ ग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल झेलून सामू टिकवणारी कार्बोनेटं (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात), खर्च होते. म्हणजे रुळलेल्या अ‍ॅक्वापोनिक्सचा सामू आपोआप खाली यायला हवा. महिनोन्महिने तो ८ च्या आसपास ठाण मांडून असेल तर दोन शक्यता राहतात. एक, जिवाणूंचं काम अजून सुरू झालेलं नाही. अमोनिया वर आणि नायट्रेट शून्य दिसत असेल तर हेच आहे, थोडं थांबा. दोन, कुठून तरी कार्बोनेट सतत पाण्यात येतंय.

कुठून येतंय ते हिशोबाने शोधता येतं. ५०० लिटर पाण्याची माझी व्यवस्था, रोज ५० ग्रॅम खाद्य, त्यात ३२ टक्के प्रथिनं. अशा खाद्यातून साधारण दीड ग्रॅम नत्र अमोनियाच्या रूपात पाण्यात येतं, म्हणजे रोज दहा-साडेदहा ग्रॅम क्षारता खर्च व्हायला हवी. झाडं नायट्रेट घेताना काही क्षारता परत देतात. निम्मी परत दिली असं धरलं तरी पाच ग्रॅम उरतात. आता जमेची बाजू. बाष्पीभवनामुळे मी रोज १२ लिटर पाणी घालत होते आणि त्याची क्षारता लिटरला १८० मिलिग्रॅम होती. म्हणजे रोज जेमतेम सव्वादोन ग्रॅम. खर्च पाच, जमा सव्वादोन, आणि तरी सामू हलत नाही. उरलेली भर टाकीतलंच काहीतरी घालत होतं.

तुमचा हिशोब वेगळा येईल. रोज १५ ग्रॅमच खाद्य जात असेल आणि पाणी जड असेल तर नुसतं भर घालायचं पाणीही सामू वर धरून ठेवू शकतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि रोज नवे येतात. क्षारता मोजायला मत्स्यालयवाल्यांचं केएच किट पुरतं. त्यातला एक अंश म्हणजे लिटरला १७.९ मिलिग्रॅम. नळाच्या पाण्याचा सामू मात्र लगेच मोजू नका. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि सामू खोटा कमी दिसतो. एअर स्टोन लावून २४ तास ठेवा आणि मग मोजा.

सामू रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी मोजा. टाकीवर ऊन पडत असेल आणि पाण्यात शेवाळ असेल तर दिवसभर शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं आणि संध्याकाळी सामू चढलेला दिसतो. आज सकाळी आणि उद्या संध्याकाळी मोजलं तर त्या आकड्यांतून काहीच कळणार नाही.

खडीची परीक्षा

माझा पहिला संशय शिंपल्यांवर गेला. सुरुवातीला कॅल्शियम मिळावं म्हणून मी शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून टाकीत सोडला होता. तो काढला. तीन आठवडे वाट पाहिली. सामू ७.९ चा ७.८ झाला आणि थांबला. म्हणून मग खडीकडे वळले.

वाफ्यातले दहा-बारा दगड काढा, वेगवेगळ्या रंगांचे निवडा, धुऊन पूर्ण वाळवा आणि त्यांच्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसून बारीक बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे. ओल्या दगडावर किंवा बाहेरच्या थरावर बुडबुडे कधीकधी दिसत नाहीत, म्हणून एक-दोन दगड फोडून आतल्या भागावरही टाका. माझ्या खडीत काळे आणि करडे दगड गप्प होते, आणि दर चार दगडांमागे एखादा पांढुरका दगड फसफसत होता. एवढं प्रमाण पुरेसं असतं.

व्हिनेगरने स्पष्ट कळलं नाही तर बरणीची चाचणी. दोन बरण्यांत पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, एकीत दोन मुठी धुतलेली खडी घाला, दुसरी तशीच ठेवा. आठवड्याने दोन्हींचा सामू आणि केएच मोजा. खडीच्या बरणीत केएच चढला असेल तर आणखी पुरावा नको. नव्या सिमेंटच्या टाकीतूनही चुना सुटतो, तेव्हा वाफा किंवा टाकी सिमेंटची असेल तर तिच्या आतल्या लेपाकडेही बघा.

आम्ल ओतून सामू उतरवू नका

मी ओतलं, म्हणून कळकळीने सांगते. दुपारी आम्ल घातलं, सामू ७.२ दिसला, खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ७.८. चुनखडी आम्लाला उत्तर म्हणून आणखी विरघळते आणि सामू परत वर येतो. यात खरा त्रास माशांना होतो. सामूचं माप असं आहे की एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. अमोनियाचंही तसंच. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियातला अर्धा टक्का किंवा किंचित अधिक भाग विषारी रूपात असतो, सामू ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. सामू असा रोज वरखाली झोके घेत असेल तर मासे खाणं सोडतात. माझे तिलापिया दोन दिवस तळाशी बसून होते, आणि ते बघवत नव्हतं.

आम्ल वापरायचंच असेल तर ते भर घालायच्या पाण्याच्या वेगळ्या पिंपात वापरा. हातमोजे आणि चष्मा घाला आणि पाण्यात आम्ल थेंबाथेंबाने सोडा, आम्लात पाणी कधीच ओतू नका. हवा सोडून एक दिवस ठेवा, पुन्हा मोजा, मगच टाकीत घाला. टाकीतला बदल दिवसाला ०.२ च्या आत राहिला पाहिजे. सायट्रिक आम्ल मी टाळते, ते जिवाणूंना मारक ठरू शकतं. व्हिनेगर चाचणीपुरतं ठीक, टाकीत त्याचा परिणाम टिकत नाही.

त्यापेक्षा पावसाचं पाणी फार सोपं. त्यात क्षारता जवळजवळ नसते, नळाच्या पाण्यात निम्मं मिसळलं की केएच निम्मा. फक्त जस्ताच्या पत्र्यावरून आलेलं पाणी माशांना देऊ नका, आणि छपरावरचं पहिलं पाणी सोडून द्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर हवा सोडून एक-दोन दिवसांत उडतं. क्लोरामाइन उडत नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेट किंवा व्हिटॅमिन सी लागतं.

खडी कशी बदलायची

खडी आम्लात धुऊन परत वापरण्याचा मोह होतो. एका बादलीपुरता मी तो प्रयोग केला. बाहेरचा थर गेला, आतला दगड चुनखडीचाच राहिला, महिन्याभरात बरणीतला केएच पुन्हा वर. धुऊ नका, बदला.

पण एकदम बदलू नका. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या खडीवरच राहतात. मी वाफ्याचे तीन भाग पाडले आणि एकेक भाग तीन आठवड्यांच्या अंतराने काढला. जागी भाजलेल्या मातीचे गोळे घातले, पण ग्रॅनाइटची खडीही चालते. काहीही असो, आधी व्हिनेगर. प्रत्येक टप्प्याला आठवडाभर खाद्य निम्म्यावर आणलं आणि रोज अमोनिया व नायट्राइट मोजलं. दुसऱ्या टप्प्यानंतर अमोनिया एकदा ०.५ पर्यंत चढला, खाद्य दोन दिवस बंद ठेवल्यावर उतरला.

पहिल्या टप्प्यानंतर सामूत नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. दुसऱ्यानंतर ७.५ आला. तिसऱ्यानंतर दोन आठवड्यांत ७.० दिसला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

तोवर झाडांना काय द्यायचं

खडी बदलेपर्यंत झाडं उपाशी ठेवायची नाहीत. सामू ७.५ च्या वर असेल तोवर ईडीडीएचए वापरा. हिशोब सोपा आहे. लिटरला २ मिलिग्रॅम म्हणजे ५०० लिटरला १ ग्रॅम शुद्ध लोह. डब्यावर ६ टक्के लोह लिहिलं असेल तर सुमारे १७ ग्रॅम भुकटी, ११ टक्क्यांचं डीटीपीए असेल तर ९ ग्रॅम. पाणी मोजताना टाकीच्या जोडीला सम्प (वाफ्यांतून उतरलेलं पाणी साठतं ती खालची टाकी), वाफे आणि पाइपमधलंही धरा. एका बादलीत विरघळवून संध्याकाळी वाफ्यात हळूहळू सोडा.

ईडीडीएचएने पाणी लालसर होतं. माशांना त्याचा त्रास नाही, पण थेंबांच्या किटमधला रंग वाचताना फसगत होते. म्हणून लोह घालायच्या आधी सगळ्या चाचण्या उरकून घ्या. पाण्यावर यूव्ही दिवा लावला असेल तर तो चिलेट मोडतो. लोह घातल्यावर काही दिवस तो बंद ठेवा. पारदर्शक टाकी आणि पाइप झाकून घ्या, ऊनही तेच करतं. गंजके खिळे टाकीत टाकण्याचा सल्ला मिळाला तर तो सोडून द्या. त्या गंजाचा या सामूला झाडाला काहीही उपयोग नाही.

पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान पुन्हा हिरवं होईल याची वाट बघू नका. लोह घातल्यानंतर जे नवं पान उमलेल त्याचा रंग बघायचा.

सामू उतरल्यानंतर

सामू ६.८ ते ७ च्या दरम्यान आला की साधं डीटीपीए पुरतं. झाडांना थोडा कमी सामू आवडतो, जिवाणूंना थोडा जास्त, मासे मधल्यावर खूश असतात. लोह महिनाभर टिकायला लागलं आणि तरीही कोवळी पानं शिरांमध्ये पिवळी येत असतील, तर तीच अर्ध्या पानाची चाचणी मँगनीजने करून बघा. दोघांची लक्षणं दिसायला जवळपास सारखी असतात.

खाद्याचं प्रमाणही याच वेळी तपासा. पालेभाज्यांना वाफ्याच्या चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं, फळभाज्यांना ५० ते ८०. मासे थोडे आणि झाडं भरपूर असतील तर लोहाचा प्रश्न सुटल्यावर पालाशाचा उभा राहील.

आणि आता सामू घसरत राहील, कारण त्याला धरून ठेवणारी खडी गेली. ६ च्या खाली जिवाणू मंदावतात, तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाही. मी पोटॅशियम बायकार्बोनेट आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून अगदी चिमूटभर घालते, त्यातून पालाश आणि कॅल्शियमही मिळतं. शिंपल्यांची ती जुनी पिशवी फेकली नाही. तिला दोरी बांधून सम्पच्या कडेला अडकवून ठेवली आहे. सामू ६.४ झाला की पाण्यात सोडते आणि ६.८ दिसला की वर काढते.